वाचक विचारतात : पडद्यावरच्या गाड्या

गेल्या अंकात वाई आणि मेणवली परिसरातल्या चित्रीकरणांविषयी लिहिताना ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटातल्या कॅराव्हॅनचा मी ओझरता उल्लेख केला होता. नायक दिल्लीहून ज्या फिरत्या घरात बसून चरणपूरला येतो, ते वाहन आमच्या भागातल्या लोकांच्या आठवणीत नायकाइतकेच ठसून राहिले आहे, एवढेच ते वाक्य होते. मूळ लेखावर फारसे कोणी लिहिले नाही. त्या एका वाक्यावर मात्र सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यामुळे या वेळचे सदर सर्वस्वी गाड्यांसाठी दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : पसरणी घाटाच्या पायथ्याशी आम्ही एक चित्रीकरण पाहिले. नायक चाकावर हात ठेवून बसला होता, पण त्याची गाडी एका बसक्या ट्रेलरवर चढवलेली होती आणि तो ट्रेलर दुसरेच वाहन ओढत होते. मग पडद्यावर गाडी चालवणारे सगळेच नट आपल्याला फसवतात, असे समजायचे काय? (एक वाचक, वाई)

उत्तर : आपण पाहिले ते खरे आहे, त्याला फसवणूक म्हणावे की नाही, याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. घाटात गाडी चालवणाऱ्याने रस्त्याकडे पाहिले पाहिजे आणि संवाद म्हणणाऱ्याने समोरच्या पात्राकडे. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून एकाच वेळी करून घेणे धोक्याचे असते, शिवाय कॅमेरा, दिवे आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे गाडीच्या बॉनेटवर किंवा दाराला बांधली की चालकाला समोरचे धड दिसतही नाही. म्हणून गाडी ठेंगण्या ट्रेलरवर चढवतात आणि ओढणाऱ्या वाहनात कॅमेऱ्याची मंडळी बसतात. नटाला फक्त चाक हलवल्याचा अभिनय करायचा असतो, आणि पुष्कळ नट तो इतक्या उत्साहाने करतात की सरळ रस्त्यावरही त्यांचे हात नाव वल्हवल्यासारखे डावी-उजवीकडे फिरत राहतात. आपल्या घाटातल्या एस. टी. चालकाचे हात एकदा बारकाईने पाहावेत आणि मग असे दृश्य पाहावे, म्हणजे फरक ध्यानात येईल.

ट्रेलरही नको असेल तेव्हा पूर्वी गाडी स्टुडिओत उभी करून तिच्या मागच्या पडद्यावर आधीच टिपलेला रस्ता दाखवत असत. याला बॅक प्रोजेक्शन म्हणतात. पुढे हिरवा पडदा आला, आणि अलीकडे गाडीभोवती प्रचंड एलईडी भिंती उभारून त्यांवर रस्ता चालवतात. या भिंतींचा मोठा फायदा असा की झाडांच्या सावल्या आणि आकाशाचा उजेड गाडीच्या काचेवर व पत्र्यावर आपोआप उमटतो. हिरव्या पडद्यासमोर तो नंतर संगणकावर रंगवावा लागतो आणि बरेचदा तिथेच चोरी पकडली जाते.

या विषयात मला कायम आठवते ते ‘आराधना’ (१९६९) मधले दार्जिलिंगचे गाणे. नायक उघड्या जीपमध्ये, जीप सुजितकुमार चालवत आहेत, शेजारून छोटी आगगाडी धावते आहे आणि खिडकीत नायिका पुस्तक धरून बसली आहे. जीप आणि आगगाडी दार्जिलिंगला होती, पण शर्मिला टागोर त्या वेळी सत्यजित राय यांच्या चित्रपटात गुंतलेल्या असल्यामुळे तिथे नव्हत्या. खिडकीतले त्यांचे तुकडे नंतर स्टुडिओत घेतले गेले. म्हणजे ज्या नजरानजरेवर ते गाणे उभे आहे, ती नजरानजर प्रत्यक्षात झालीच नाही. तरीही पन्नासहून अधिक वर्षे लोक ती पाहत आले आहेत आणि त्यात कोणाला काही खटकलेले नाही. जीपचा वेग आणि आगगाडीचा वेग संकलकाने असा जुळवला आहे की डोळ्यांना शंका घ्यायला सवडच मिळत नाही. माझ्या मते ही फसवणूक नव्हे. उत्तम शिंप्याने लपवलेली ती शिवण आहे.

शिवण शोधायचीच असेल, तर गाडीत बसलेली माणसे शेजारच्या रहदारीपेक्षा उंच दिसतात काय ते पाहावे, कारण ट्रेलरची उंची लपवता येत नाही. समोरची काच काढून टाकलेली असते, त्यामुळे तिच्यावर कधीच काही चमकत नाही. बाहेरचा रस्ता हादरतो, पण आतली माणसे हादरत नाहीत. आणि आपल्या भागापुरती आणखी एक खूण आहे. आमच्या वाईने आजवर उत्तर प्रदेश, बिहार आणि आणखी कुठकुठल्या मुलखांची सोंगे घेतली आहेत. ‘गंगाजल’ (२००३) मधला बिहारही इथलाच. अशा वेळी चौकटीत येणाऱ्या प्रत्येक वाहनाची ‘एमएच ११’ ही पाटी उतरवून त्या त्या राज्याची पाटी लावणे हे कलाविभागाचे काम असते. मुख्य गाडीची पाटी कोणीच विसरत नाही. खरी परीक्षा असते ती दूरवर उभ्या असलेल्या एखाद्या टेम्पोची.

प्रश्न : चाळीस वर्षे सांगलीत गॅरेज चालवले. अपघात झालेल्या कितीतरी गाड्या दुरुस्तीला आल्या, पण दरीत पडून बॉम्बसारखी फुटलेली एकही आली नाही. सिनेमात मात्र गाडी कठड्यावरून सुटली की हवेतच पेट घेते. यात शास्त्र काही आहे का? (एक निवृत्त मेकॅनिक, सांगली)

उत्तर : आपला चाळीस वर्षांचा अनुभव शास्त्राला धरूनच आहे. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि तीही हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले तरच पेट घेते. बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला पेटण्यापुरता प्राणवायूच मिळत नाही. म्हणून साधी गोळी लागून टाकी फुटत नाही. तिला भोक पडते आणि पेट्रोल गळू लागते. डिझेल तर याहून शांत. ते साधारण पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापल्याशिवाय पेटण्याजोगी वाफच सोडत नाही, आणि तरीही सिनेमातला ट्रक जीपच्याच जोमाने फुटतो.

पडद्यावर दिसणारा तो नारिंगी लोळ आणि काळा धूर मुद्दाम बेतलेला असतो. इंजिन आणि बरेचसे जड भाग काढून घेतलेल्या सांगाड्यात पेट्रोलच्या पिशव्या आणि त्यांना उडवण्यापुरती दारू ठेवतात. खऱ्या तीव्र स्फोटात डोळ्यांत भरणारी ज्वाळा जवळजवळ नसते. धूळ उडते आणि कानठळ्या बसतात. तसा स्फोट दाखवला तर पैसे देऊन आलेला प्रेक्षक निराश होईल. टायरच्या किंचाळण्याचेही तेच. डांबरी रस्त्यावर टायर किंचाळतो. माण-खटावच्या मातीच्या रस्त्यावर तो फक्त खरखरतो. तरीही मातीत वळणाऱ्या प्रत्येक जीपला नंतर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ती किंकाळी जोडली जाते. एखाद्या दिग्दर्शकाने ती एकदा गाळून पाहावी, अशी माझी जुनी इच्छा आहे.

गाडी उलटवणेही वाटते तितके सोपे नाही, आणि हे आपल्याला विशेष आवडेल. ‘कॅसिनो रोयाल’ (२००६) या बाँडपटात ॲस्टन मार्टिन डीबीएस रस्त्यावर कोलांट्या घेते. आधी नेहमीप्रमाणे उतरती फळी ठेवून तिला उलटवायचा प्रयत्न झाला, पण गाडी इतकी बसकी आणि तोलदार होती की ती पुन्हा चाकांवरच यायची. अखेर तिच्या पोटाखाली दाबलेल्या वायूची तोफ बसवली. ती रस्त्यावर दणका देऊन गाडीला वर फेकते. गाडीने सात कोलांट्या घेतल्या आणि तो विक्रम ठरला. म्हणजे उत्तम बांधणीची गाडी उलटत नाही हे सिद्ध करण्याची ही जरा महागडी रीत झाली.

एक गोष्ट मात्र जोडून सांगणे माझे कर्तव्य आहे. गाडी फुटत नाही याचा अर्थ ती पेटत नाही असा नव्हे. फुटलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल आणि तुटलेल्या वायरची ठिणगी यांची गाठ पडली की आग लागतेच. ती सिनेमासारखी क्षणात भडकत नाही, हळूहळू पसरते, म्हणून माणसाला बाहेर काढायला वेळ मिळतो. तो वेळ ‘आता स्फोट होईल’ या भीतीने लांब उभे राहून दवडू नये.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच फियाट टॅक्सी बनवली, असे आमचे एक प्राध्यापक म्हणाले. जुन्या चित्रपटांत दोन-तीन प्रकारच्याच गाड्या का दिसतात? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : आपले प्राध्यापक बरोबर सांगतात, थोडी दुरुस्ती करून. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ साली निवर्तले, त्यामुळे काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे वैभव त्यांनी स्वतः पाहिले नाही. पन्नाशीच्या दशकातल्या गुबगुबीत फियाटला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. त्यानंतरची चौकोनी अंगाची ११०० आली आणि तिनेच सत्तरीच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव घेतले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून जी हळहळ व्यक्त झाली, तिच्यातला मोठा वाटा सिनेमाचा होता, असे मला वाटते. ज्यांनी मुंबई कधी पाहिली नव्हती, त्यांनीही पद्मिनीच्या मागच्या आसनावर बसून मरीन ड्राइव्ह पाहिला होता, तो अंधारात, तिकीट काढून.

आता आपला खरा प्रश्न. दोन-तीनच गाड्या दिसतात, कारण दोन-तीनच होत्या. परवाना पद्धतीच्या काळात मोटार बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आयातीवर जबर बंधने होती आणि नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली होती. ती १९५७ च्या सुमारास आली आणि पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. तिसरी जीप. एवढ्यावरच देश चालत होता.

या टंचाईचा सिनेमाला मात्र विलक्षण उपयोग झाला, आणि याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. गाड्या थोड्या असल्यामुळे प्रत्येकीला अर्थ होता, आणि तो अर्थ थिएटरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ होता. पांढरी ॲम्बॅसडर दारात थांबली की मंत्री, कलेक्टर किंवा वाईट बातमी घेऊन आलेला पोलीस अधिकारी. फियाट म्हणजे मध्यमवर्गीय डॉक्टर, प्राध्यापक किंवा कामावर जाणारा नायक. परदेशी बनावटीची लांबलचक शेवरले इम्पाला आली की ओळखावे, नायिकेचे वडील लक्षाधीश आहेत किंवा तिजोरीतला माल चोरीचा आहे. उघडी जीप तरुणाची, फौजदाराची किंवा जमीनदाराच्या उनाड पोराची. त्यातला फरक मागे बंदूक आहे की नाही यावरून. १९८४ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा आली, आणि तिचे लांब नाक व काळा रंग पाहून खलनायकांनी तिला तत्काळ दत्तक घेतले. पटकथालेखकाला एक शब्दही लिहावा लागत नसे. गाडीचे दार उघडायच्या आत पात्राचा स्वभाव, मिळकत आणि बहुतेकदा शेवटही कळून जाई.

आमच्याकडे तर पडद्याबाहेरही हीच भाषा चालत असे. गावात पांढरी ॲम्बॅसडर शिरली की ती साखर कारखान्याची की जिल्हा परिषदेची, यावर पारावर चर्चा व्हायची, आणि ती कोणाच्या दारात थांबते यावर पुढच्या आठवड्याचे राजकारण ठरायचे. सिनेमाने हा अर्थ निर्माण केला नाही, त्याने तो रस्त्यावरून उचलला. म्हणूनच १९९१ नंतर बाजारात भराभर नव्या गाड्या आल्या तसा हा संकेत विस्कटला. आज नायकही मोठी एसयूव्ही चालवतो, खलनायकही तीच चालवतो आणि नायिकेच्या वडिलांकडे तिचाच दुसरा रंग असतो. गाडी अधिक चकचकीत झाली, पण तिची जीभ गेली. त्यामुळे आता दिग्दर्शकाला जुना काळ दाखवायचा असो वा पात्राला चटकन ओळख द्यायची असो, तो कुठून तरी जुनी ॲम्बॅसडर पैदा करतो.

प्रश्न : सिनेमात वापरलेली सर्वांत महाग गाडी कोणती? (एक वाचक, कराड)

उत्तर : सर्वांत महाग कोणती या वादात मी पडत नाही, मला सर्वांत गमतीची वाटते ती सांगतो. ‘बुलिट’ (१९६८) या अमेरिकी चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी फोर्ड मस्टँग २०२० च्या जानेवारीत सुमारे ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. मधली कित्येक वर्षे ती एका कुटुंबाकडे होती. त्यांनी १९७४ मध्ये ती सुमारे सहा हजार डॉलरना घेतली आणि घरच्या कामांसाठी साध्या गाडीसारखी वापरली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तिचा सुमारे अकरा मिनिटांचा पाठलाग आजही पाठ्यपुस्तकासारखा अभ्यासला जातो, आणि त्याच्या संकलनाला ऑस्कर मिळाले. तरीही त्यात खलनायकांच्या डॉज चार्जरच्या चाकांवरून चारापेक्षा जास्त झाकण्या उडतात आणि एकच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे टाकली जाते, कारण एकच प्रसंग अनेक कोनांतून टिपून सलग जोडला आहे.

याच्या उलट उदाहरण ‘बॅक टू द फ्युचर’ (१९८५) मधल्या डिलोरियनचे. उत्तर आयर्लंडमध्ये बनणारी ही बिनरंगाच्या स्टेनलेस स्टीलची गाडी बाजारात चालली नाही; जेमतेम नऊ हजार बनल्या आणि १९८२ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. चित्रपट आला तेव्हा कारखाना बंद होऊन तीन वर्षे होत आली होती. तिच्या अपयशातच तिचे वेगळेपण होते, आणि कालयंत्रासाठी रस्त्यावर कोणी न पाहिलेलीच गाडी हवी होती.

प्रश्न : मुलाने जुनी जीप घेतली आहे. चित्रपटात पाहिल्याप्रमाणे तिला रुंद टायर, काळ्या काचा, मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि ‘दादा’ असे वाचता येईल अशी नंबरपाटी लावायची त्याची इच्छा आहे. काय करावे? (एक पालक, इस्लामपूर)

उत्तर : त्याला हे पत्र वाचून दाखवावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तिकेत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून बदलता येतो. काचांतून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूला किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. ‘४१४१’ चा ‘दादा’ करणारी पाटी बेकायदेशीर आहे, मग ती ‘एमएच १०’ असो वा ‘एमएच ५०’. पडद्यावरची जीप चित्रीकरणापुरती सजवलेली असते आणि संध्याकाळी ट्रकवर चढून परत जाते. तिला टोलनाका आणि वाहतूक पोलीस भेटत नाहीत. आपल्या चिरंजीवांना ते दोन्ही भेटतील.

प्रश्न : चित्रपटांत गाडी पुरुषच का चालवतात? (एक वाचक भगिनी, मिरज)

उत्तर : आपला आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे, पण ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) आठवून पाहावा. पावसाळी रात्री मधुबाला एकटी स्वतःची गाडी चालवत गॅरेजमध्ये येते, आणि तिथूनच सगळी कथा सुरू होते. खोच इतकीच की नायिकेला गाडी दिली, पण ती बिघडलेली दिली. दुरुस्त करणारा हात पुरुषाचा. ही खोड हिंदी सिनेमाला पुढे बराच काळ होती. मराठीत ‘सैराट’ (२०१६) मधली आर्ची बुलेटवर येते आणि ट्रॅक्टर चालवत थेट नायकाच्या घरी जाते, तेव्हा कशाचाही बिघाड झालेला नसतो. आपल्याकडे गाडी म्हटले की मोटार असेच काही नाही. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनणारी ‘प्रिया’ ज्या घरात होती, त्या घरात ‘गाडी’ म्हणजे तीच. ग्रामीण चित्रपटात ट्रॅक्टर हे सत्तेचे वाहन असते, कारण ज्याच्या दारात तो उभा असतो त्याची जमीन किती हे सांगावे लागत नाही. तो मुलीच्या हाती देणे हा त्या चित्रपटातला मला सर्वांत धीट वाटलेला निर्णय आहे.

प्रश्न : वडिलांची फियाट गेल्या वर्षी भंगारात दिली. वजनावर गेली. गाडी हीच मुख्य पात्र आहे, शोभेची वस्तू नव्हे, असा एखादा चित्रपट सुचवाल का? (एक वाचक, विटा)

उत्तर : ऋत्विक घटक यांचा ‘अजान्त्रिक’ पाहावा. तो बंगाली असून १९५८ सालचा आहे, म्हणजे वर उल्लेखलेल्या ‘चलती का नाम गाडी’च्याच वर्षीचा, एकाच वर्षी एका टोकाला हसवणारी खटारा गाडी आणि दुसऱ्या टोकाला ही. सुबोध घोष यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. बिमल हा लहान गावातला टॅक्सीचालक, आणि जगद्दल ही त्याची जुनाट, मोडकळीला आलेली शेवरले. तो तिच्याशी बोलतो, तिच्यावर रागावतो, तिला पाणी पाजतो आणि कोणी हसले तर भांडायला उठतो. रेडिएटरमध्ये पाणी पडते तेव्हा घटकांनी गाडीला घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज दिला आहे. टायरच्या किंकाळीविषयी मी वर जी तक्रार केली, ती या आवाजाला लागू नाही.

शेवटी दुरुस्तीवर सारी शिल्लक खर्चूनही जगद्दल बंद पडते आणि भंगारवाला तिचे तुकडे करून नेतो. आपल्याला तो भाग पाहणे जड जाईल, पण मध्येच उठू नये. गाडी गेल्यावर बिमल उभा असतो आणि मागून त्याला तिच्या भोंग्याचा आवाज ऐकू येतो. तो वळून पाहतो, तर मागे पडलेला तो भोंगा एका तान्ह्या मुलाच्या हाती लागलेला असतो आणि ते तो दाबून दाबून हसत असते.